वैशूच्या अर्ध्यावर काढलेल्या तारा

वैशू गेली तेव्हा नांदेडहून तिच्या नवऱ्याचा फोन आला. "मामा, वैशाली गेली..." एवढंच तो बोलू शकला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यानंतरच्या या काही आठवड्यांत मी आल्यागेल्यांशी तिच्याविषयी पुष्कळ बोललो, तिच्या दातांचा विषय मात्र काढला नाही. तो मी कित्येक वर्षं टाळत आलोय.

वैशू माझी भाची, अक्काची मुलगी. भूकंपात औशाकडचं त्यांचं घर पडलं, माणसं वाचली. पत्र्याच्या शेडमध्ये पोरीचा अभ्यास कसा व्हायचा, म्हणून अक्कानं तिला लातूरला माझ्याकडे ठेवलं. मी गणिताचा शिक्षक. पोर हुशार आणि भलती बडबडी. पुढचे दात मात्र इतके पुढे, की ओठ मिटत नसत. शाळेत पोरं चिडवायची. आठवीत मी तिला तारा बसवल्या. जागा व्हावी म्हणून सुळ्यांमागचे चार दात आधी काढावे लागले. हे काम करणारे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी नांदेडहून लातूरला यायचे आणि तारा आवळून द्यायचे. त्या दिवशी वैशू मामीला दारातूनच ओरडून सांगायची, "मामी, आज निस्ता वरण-भात!"

दहावीत घोळ झाला. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि टेस्ट असायची रविवारी. तारांपायी वैशूच्या दोन टेस्ट बुडाल्या. फळ्यावर तिचा नंबर खाली गेलेला मला बघवेना. मी डॉक्टरांना एकटाच भेटून म्हणालो, तारा काढून टाका. ते म्हणाले, "सर, अजून वर्षभर तरी लागेल. पुढं दात जागेवर धरून ठेवायला प्लेटही लावावी लागेल. आत्ता काढल्या तर पोरीचं नुकसान होईल." त्यांनी साफ नकार दिला. मग मी आमच्या गल्लीतल्या दातांच्या दवाखान्यात तिला नेलं आणि तारा काढून घेतल्या. वैशूला सांगितलं, डॉक्टर म्हणाले, काम झालं. ती आरशापुढून हलेना. "मामा, ही फट?" "भरून येईल," मी म्हणालो.

फट भरली नाही. दात पुन्हा पुढे आले, वरचे-खालचे जुळेनात. मेडिकलचा नंबर हुकला तो हुकलाच. नांदेडला बँकेत लागल्यावरही ती भाकरी हातानं मोडून बाजूच्या दाढांनी खायची. जबडा दुखायचा. हसताना तोंडावर हात असायचा.

पस्तिशी उलटल्यावर ती पुन्हा डॉक्टरांकडे फिरू लागली. एकानं जबड्याचं ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यानं कॅप बसवा म्हटलं. तिसरी एक तरुण डॉक्टरीण होती; तिच्याकडे मी सोबत गेलो होतो. ती म्हणाली, "पुन्हा तारा लावून बघता येईल. पहिले उपचार पूर्ण झाले होते का?" वैशूनं माझ्याकडे बघितलं. "मामाच न्यायचे मला. सांगा की, मामा."

"पूर्ण झाले होते," मी म्हणालो.

बाहेर चहा घेताना वैशू म्हणाली, "जाऊ द्या मामा. पुरं करूनबी दात माघारी गेले, तर पुन्हा दोन वर्षं तारा कशाला? तो डॉक्टर सापडला ना, त्याचेच दात पाडते बघा!" ती हसली. मीही हसलो... ज्या माणसानं नको म्हटलं होतं, त्याला ती शिव्या देत होती. आणि जो उपाय कधी पुरता झालाच नव्हता, तो माझ्या एका वाक्यामुळे तिनं सोडून दिला.

गेल्या दिवाळीत सगळं सांगायचं ठरवूनच नांदेडला गेलो होतो. जेवताना तिनंच विचारलं, "मामा, कशाचा इचार करायलात?" मी म्हणालो, "काही नाही, भाजी झकास झाली."

तेराव्याच्या आदल्या दिवशी भिंतीवर लावायला फोटो शोधत होतो. सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले, नाही तर तोंडावर हात. शेवटी बँकेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. अक्का तो मांडीवर घेऊन बसली. "माझ्या लेकीचा हसरा फोटो एकबी न्हाई रे," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारीच होतो. वैशूला नाही, निदान तिच्या आईला तरी तेव्हा सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं... आणि खिळा कुठं ठोकायचा, ते विचारलं.