सरांसाठी मोठी अक्षरं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते आमच्या गावच्या शाळेतल्या मराठीच्या सरांचं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. "याला पुण्याला पाठवा," असं वडिलांना सांगायला सर स्वतः घरी आले होते. मी दर दिवाळीला त्यांना पत्र लिहितो आणि ते लाल शाईनं चुका दाखवून परत पाठवतात.

यंदा दसऱ्याआधी त्यांचा फोन आला. "तुझं अक्षर आता दिसत नाही रे. आणि दुसऱ्यानं वाचून दाखवलेलं पत्र म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास."

अक्षरं मोठी केली तर पानांचा गठ्ठा होणार, आणि सरांच्या हातून त्यांचा क्रम बिघडणार. तेव्हा जुन्या बाजारातून हौसेनं आणलेला संगणक आणि त्याचा टाइपरायटरसारखा खडखडणारा प्रिंटर आठवला. त्याचा कागद सलग, घड्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला.

दसऱ्याच्या सकाळी कागदाची भोकं प्रिंटरच्या दोन्ही बाजूंच्या दात्यांत बसवली. चाचणीसाठी बटण दाबून धरत प्रिंटर चालू केला, तर त्यानं आपली सगळी अक्षरं सरळ ओळींत छापून दाखवली. मी आनंदानं त्याला हळदकुंकू, फूल, अक्षता वाहिल्या. मग जुन्या मराठी प्रोग्रॅममध्ये उंची आणि रुंदी दुप्पट निवडून पत्र छापायला लावलं.

कागद तिरका होत गेला. मी सेटिंग बदलत बसलो.

"अहो, ओळ पर्वती चढतेय," बायको म्हणाली.

"समास चुकला असेल."

"पूजेआधी सरळ छापत होता ना? मग देवालाच विचारा."

झाकण उघडलं. डावीकडच्या दात्यांत अक्षतेचा एक दाणा अडकला होता. तिनं तो चिमट्यानं काढला. "गाडीला हार घालतात, चाकात नाही घालत."

त्यानंतर पत्रात त्या दाण्याची गोष्ट घालून ते पुन्हा छापलं, तर सरळ आलं. तेच सरांना पाठवलं:

"आदरणीय सर,
सादर प्रणाम.
हा कागद फाडू नका, घड्या उलगडत वाचा. सोबत अक्षतेचा एक दाणा आहे. त्यानं सकाळी माझी परीक्षा घेतली, आणि पास झाली तुमची सून. तुम्ही त्या दिवशी घरी आला नसता, तर हे पत्र लिहायला मी इथे नसतो. अक्षरं दिसली तर फोन करू नका. चुका दाखवून पत्र परत पाठवा. एखादी मुद्दाम ठेवली आहे.
आपला विद्यार्थी"