यावोरची पाणपोई

स्तमेनाचा मुलगा यावोर लाकडं वाहणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. त्या साली तिने आणि नवऱ्याने तंबाखूचं सगळं पीक विकलं आणि रोडोपीच्या डोंगरवाटेवर झऱ्यावर दगडी पाणपोई बांधली. एक तोटी, एक बाक आणि दगडात कोरलेलं पोराचं नाव. येणारा-जाणारा ओंजळ लावायचा, पाणी प्यायचा आणि नाव वाचून, गेलेल्या माणसासाठी म्हणतात तसं म्हणायचा, "यावोर, देव त्याला क्षमा करो." ते शब्द ऐकायला मिळावेत, एवढ्यासाठीच तो खटाटोप. नवरा गेल्यावरही स्तमेना रोज तोटी घासायची आणि बाकावर बसून राहायची.

एप्रिलमध्ये नगरपालिकेच्या माणसांनी तिथे पाटी ठोकली. वरच्या बंद खाणीतलं शिसं झऱ्यात उतरलंय, पाणी पिऊ नये. तेव्हापासून लोक पाटी वाचून पुढे जाऊ लागले.

शेजारचा मिंचो म्हणाला, "उपटून टाक ती पाटी. जन्मभर प्यालो हे पाणी, मेलो का?"

"तुझे दात बघ आधी."

"दात रकियाच्या दारूने गेले गं! पाण्याला कशाला बदनाम करतेस?"

पण एक गिर्यारोहक मुलगी तिला सांगून गेली होती, की आता अशी गाळणी मिळते, डबक्यातलंसुद्धा पाणी पिता येतं. स्तमेनाने ठरवलं, तशी एक आणून तोटीलाच बसवायची. तिने चांगला रुमाल डोक्याला बांधला आणि स्मोल्यान शहराची बस धरली.

डोंगरी सामानाच्या दुकानात ल्युबेन नावाचा पोरगेला दुकानदार होता. "आजी, शिखरावर निघालात वाटतं?"

"तुझ्याआधी पोचेन. गाळणी दाखव, वाटेवरच्या आमच्या झऱ्याच्या तोटीला लावायची. शिसं अडवणारी."

त्याने हसत एक नळकांडं पुढे केलं. "ह्यात केसासारख्या पोकळ नळ्या असतात. जंतू अडतात. पण शिसं पाण्यात विरघळलेलं असतं, मिठासारखं. जाळीने मीठ गाळता येईल का?"

"ती दुसरी?"

"हा दिवा. ह्याच्या उजेडाने जंतू मरतात."

"शिसं जिवंत कुठंय मरायला! आणि पाणी उकळलं तर?"

"पाणी आटेल, शिसं मागेच राहील. उलट दाट होईल."

शेवटी त्याने गाळणी बसवलेली एक जाडसर बाटली काढली. "हिच्यात शिसं थोडंफार अडतं, पण ती घरच्या नळाच्या पाण्यासाठी. तुमच्या झऱ्यात शिसं किती, ते मला माहीत नाही. आणि हिची ताकद संपली, तरी वरून ती तशीच दिसते," तो म्हणाला.

"दे मग."

"नाही देणार, आजी. तुम्ही ती तोटीला लावाल आणि लोक विश्वासाने पितील."

"दुकानदार आहेस की पाद्री?"

"माझी आजी असती, तरी दिली नसती."

ती रिकाम्या हाताने परतली.

शनिवारी एक तरुण जोडपं डोंगर चढून आलं. त्यातल्या मुलाने पाटी वाचली आणि हसला. "आपल्याकडे फिल्टर आहे की." पिशवीत पाणी भरून त्याने नळकांड्यातून पेल्यात पिळलं. स्तमेनाने ते नळकांडं ओळखलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मुलीने पेला घेतला, दगडाकडे पाहिलं. "यावोर," तिने वाचलं. "देव त्याला..."

एप्रिलनंतर पहिल्यांदाच कोणी ते म्हणत होतं. एका पेल्याने कोण मरतं? स्तमेनाला ते कळत होतं. मुलीचा पेला ओठांपाशी गेला.

"ओतून टाक ते!" स्तमेना ओरडली.

"आजी, गाळलेलं आहे हो," मुलगा म्हणाला.

"गाळून जंतू जातात. शिसं जात नाही. ओत म्हणते ना! आणि वाटेत सगळ्यांना सांगा, इथलं पिऊ नका."

मुलीने घाबरून पेला उपडा केला. दोघं पाठपिशव्या उचलून भराभर निघून गेली. वाक्य अर्धंच राहिलं.

दुसऱ्या सकाळी स्तमेनाने लाकडाची खुंटी तासली आणि दगडाने तोटीत ठोकून बसवली. धार थांबली. थोड्या वेळाने दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागलं. कोरलेल्या नावावरून ते खाली उतरताना ती बघत राहिली. मग हातातला दगड टाकून ती घराकडे वळली.