ग्राफाइट धुताना

ग्राफाइटची पूड साबणाने जात नाही. कारखान्यातल्या किश्श्यांचंही तसंच. चाळीसगावबाहेरच्या एका छोट्या कारखान्यात मी केमिस्ट. घरी आले की आधी नखं घासते, मग नवऱ्याला किस्सा सांगते. नखं काळीच!

*

पूड शुद्ध करायला आम्ही हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरायचो. त्याच्या वाफेनं शेडच्या काचा धुरकट झाल्या होत्या. एक पाहुणे म्हणाले, "वा, डिझायनर काच!"

भट्टीवरचे नाना खोकत म्हणाले, "काच खाई टाकी. आते मना नंबर शे!"

कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मालक आबा माझ्या टेबलाशी आले. "ताई, ॲसिडशिवाय जमेल?"

*

जमेल म्हणाले खरी, पण झोप उडाली. कॉस्टिक सोड्यात पूड भाजायची, मग पाण्यानं धुवायची, अशी नवी पद्धत. आबा सारखे डोकावत.

"साफ झालं?"

"झालं असावं."

"पण काळंच दिसतंय!"

"आबा, ग्राफाइट आहे. पांढरं झालं तर मला हाकला!"

*

सॅम्पल घेऊन मीच एसटीनं धुळ्याला गेले, धातू वितळवायच्या मुशी बनवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे. कंडक्टरनं डबा हुंगला. "काय आहे?"

"पेन्सिलीत असतं ते."

"एवढं? कोणाची कुंडली लिहिताय?"

"माझीच!"

सॅम्पल नापास झालं. राख जास्त, म्हणजे पुडीत अशुद्धी राहिलीच होती.

*

मग आच वाढवली, धुणं वाढवलं, पुन्हा धुतलं. नाना वैतागले. "ताई, इतलं तं मनी बायको लुगडंबी धोत नै!"

नवं सॅम्पल पाठवलं, त्यानंतर धुळ्याहून फोन आला. "मॅडम, आता हेच पाठवत जा."

*

शेजारच्या कपाशीच्या वावरातल्या अक्का म्हणजे आबांची थोरली चुलत बहीण. कारखान्याचं पाणी वावरात शिरलं तेव्हापासून त्यांनी आबांशी बोलणं टाकलं होतं. आता ते पाणी आम्ही न्यूट्रल करून, गाळून पुन्हा वापरतो, हे कानावर गेलं आणि त्या तरातरा आल्या.

"साफ शे म्हणस ना? दखाड!"

आबांनी गाळलेल्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. अक्कांनी सगळ्यांदेखत त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी उचलली आणि टाकीत बुडवली. लिटमस मी नुकताच पाहिला होता, तरी टाकीवर वाकले.

टोपी पांढरीच निघाली. अक्कांनी ती पिळली, झटकली आणि ओलीच आबांच्या डोक्यावर ठेवली.

"भाऊबीजले येजो," म्हणाल्या.