चालायला चला, वैनी

कोपरखैरणं तेव्हा नुकतं वसत होतं. तिथल्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर सकाळी फिरताना ती भेटायची. साताऱ्याकडची जाडजूड बाई, साडीखाली नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट. आम्ही एकमेकींची नावं कधी विचारली नाहीत. दूधवाला येवो की पेपरवाला, ती ओरडून सांगायची, "वजन उतरवतीया बरं का मी!"

मला संकोच वाटायचा. ती म्हणायची, "चारचौघांत बोललं की घरी बसाय लाज वाटती."

गणपतीत मी मनसोक्त मोदक खाल्ले. मग वाटलं, आता कसलं वजन कमी होतंय! फिरायला जाणंच सोडलं.

एके सकाळी खालून तिचा खणखणीत आवाज आला. तिला माझी बिल्डिंग माहीत होती, मजला नाही.

"अवो, मोदक खाऊन झोपल्याल्या वैनी! मीबी पोटभर खाल्ल्यात! चला खाली!"

तिला गप्प करायला मी गॅलरीत धावले. पाहते तर वरच्या, खालच्या, शेजारच्या गॅलरीतही बायका ओशाळून हसत उभ्या. प्रत्येकीला वाटलं होतं, हाक आपल्यालाच आहे.

तिनं मान वर करून एकेकीकडं पाहिलं.

"मंग समद्याच या की!"