फिजिक्सचे दहा आठवडे

ब्रिन नोवॉटनीला मेडिकल स्कूलमध्ये जागा मिळाली, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. नेब्रास्कातल्या तिच्या गावच्या शाळेत एपीचे, म्हणजे कॉलेजच्या तोडीचे, विषय तीनच होते: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स. तिन्हींत तिने पाचपैकी पाच मिळवले. त्या गुणांवर युनिव्हर्सिटीने पहिल्या वर्षाचे विषय माफ केले आणि मेडिकलच्या आधी लागणारी चार वर्षांची पदवी तिने तीन वर्षांत आटोपत आणली. घाईचं कारण घरी होतं. वडील, रे, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. आपण डॉक्टर झालेलं त्यांनी बघावं, एवढंच तिच्या मनात होतं. हे ती कधी कुणाजवळ बोलली मात्र नाही.

एप्रिलच्या शेवटी मेडिकल स्कूलची मेल आली: फिजिक्सची अट पूर्ण झालेली नाही.

तिने लगेच फोन लावला.

"बायॉलॉजी-केमिस्ट्रीचं ठीक आहे," तिकडची बाई म्हणाली. "त्यांतले वरचे विषय तू कॉलेजात केलेस. फिजिक्सचं काहीच केलं नाहीस. नुसतं शाळेतलं क्रेडिट आम्ही धरत नाही."

"पण माझ्या युनिव्हर्सिटीने धरलंय!"

"त्यांनी पदवीसाठी धरलं, बाळा. आमचा नियम वेगळा. कॉलेजातल्या फिजिक्सची प्रयोगांसकट दोन्ही सत्रं, किमान बी ग्रेड, एकतीस जुलैच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

हा नियम त्यांच्या वेबसाइटवर पहिल्यापासून होता. ब्रिनने वाचलाच नव्हता. पाचपैकी पाच मिळवलेल्या मुलीला कोण अडवणार, असं तिला वाटलं होतं.

उन्हाळ्यात दोन्ही सत्रं दहा आठवड्यांत उरकणारा एक वर्ग होता, पण तो भरलेला. प्रतीक्षायादीत तिचा नंबर चौथा. मेच्या मध्यापर्यंत ती दिवसातून वीसदा यादी बघे. पदवीदानाच्या फोटोत ती एकटीच हसत नाहीये.

"एवढं काय घाबरतेस?" आई, लोरेन, म्हणाली. "शाळेत शिकलीच आहेस की."

"मॉम, तेव्हा मी परीक्षेपुरतं घोकलं होतं. आता आठवत काही नाही."

रे सोफ्यावरून म्हणाले, "वस्तू सोडली की खाली पडते. झालं फिजिक्स! पुढचं काय ते डॉक्टरीणबाईंनी बघावं."

ब्रिन उठून अंगणात गेली. तिला रडू येत होतं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी यादीत नंबर दुसरा. ती तरीही वर्गात जाऊन भिंतीशी उभी राहिली. प्राध्यापक ऑडेगार्ड यांनी हजेरी घेतली. दोन मुलं आलीच नव्हती.

"मागे उभी आहे ती कोण?"

"नोवॉटनी, सर. मला... मला बसू द्याल?"

"बस. पण इथे एक दिवस चुकला की आठवडा चुकला, लक्षात ठेव."

पहिल्या चाचणीत तिला सी मिळाला. दुसऱ्या दिवशी ती लाज गिळून ऑडेगार्डच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "सर, मला बलाची दिशासुद्धा कळत नाही. पहिल्यापासून सांगा." त्यांनी खडू घेतला. मग ती रोज जाऊ लागली. रे दोनदा दवाखान्यात भरती झाले, तेव्हा ती गणितं घेऊन त्यांच्या खाटेशी बसली. एकदा त्यांनी डोळे उघडून विचारलं, "माझ्यासाठी करतेस का गं हे एवढ्या घाईने?"

तिने मान डोलावली.

"मग जरा श्वास घे. मी कुठे पळून चाललो नाही."

ते खरं होतं की नाही, दोघांनाही माहीत नव्हतं.

एकोणतीस जुलैला दुपारी ग्रेड लागली. बी. काठावरचा, पण बी. ग्रेडपत्रक मेडिकल स्कूलला पोचल्याची खात्री करायला तिने तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ती बाई हसून म्हणाली, "आलंय, बाळा. आता झोप."

मग तिने डायलिसिस केंद्रात फोन लावला. नर्सने तो रेच्या कानाला धरला.

"डॅड, झालं."

पलीकडे यंत्राची घरघर चालू होती. तिच्यातून रे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ओरडून सांगताना ऐकू आले, "पोरगी पास झाली रे! फिजिक्समध्ये!"