बारावं गाणं

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शिक्षण चौथी. केळव्याला आमची सुपारीची वाडी, जन्म तिथेच गेला. कुणाच्या अंगात आलं आणि तो घुमायला लागला की मी सरळ उठून घरी येतो. हे मी वहीत लिहिलं आणि सुनेने टाईप केलं. तिला एक शब्द बदलू दिलेला नाही.

माझी बायको हिरा हळदीची गाणी गायची. आमच्याकडे हळदीला बाया गातात, आणि ज्यांचं लग्न असेल त्या नवरानवरीचं नाव गाण्यात घालतात. कागद नाही, काही नाही... सगळं तोंडपाठ. एकवीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या मुलाने, विजयने कॉम्प्युटर घेतला होता. त्याला माईक लावून त्याने हिराची अकरा गाणी भरून ठेवली, गावातल्या लग्नांतली. वर्षभरात व्होल्टेज जास्त येऊन तो कॉम्प्युटर जळला. आतली डिस्क तेवढी वाचली. विजयने ती फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकली. ट्रंकेची किल्ली तेव्हापासून माझ्या कमरेला.

हे एवढं बारीक सांगतोय त्याला कारण आहे. डिस्क ट्रंकेत गेल्यावर दोन वर्षांनी माझी मुलगी नंदा बोईसरला कंपनीत कामाला लागली. तिथे तिला राजकिशोर भेटला. उत्तरेकडचा, बॉयलरवर काम करणारा. त्यांनी कोर्टात लग्न केलं. मी बोललो — या घरात त्या दोघांचं नाव निघायचं नाही.  त्या दिवसापासून हिरा कुणाच्याच हळदीला गायली नाही. बाया बोलवायला आल्या की सांगायची, गळा बसलाय. तीन वर्षांपूर्वी ती गेली. नंदा मयताला आली आणि माझ्याकडे न बघता परत गेली.

यंदा ट्रंक साफ करताना डिस्क निघाली. सून स्वाती पालघरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. ती म्हणाली, "बाबा, यात आईंची गाणी आहेत. पण ज्या प्रोग्रॅममध्ये भरलीत तो आताच्या कॉम्प्युटरवर चालत नाही."

"मग जुना कॉम्प्युटर आन."

"जुना कुठून आणू? नव्याच्याच पोटात जुना बसवते."

"पोटात? गरोदर हाय काय तो?"

ती खूप हसली. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात म्हणे. तिच्या लॅपटॉपवर एक खिडकी उघडायची, त्या खिडकीत विजयचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा... तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ. आणि त्यात हिरा गायची. मी पहिल्या दिवशी उठून मागच्या पडवीत गेलो. डोळ्यात काही गेलं होतं.

मी कुठेही बोटं घालतो, म्हणून स्वातीने एक व्यवस्था केली होती. खिडकी बंद केली की आत जे काही बदललं असेल ते पुसलं जायचं आणि सगळं पहिल्यासारखं व्हायचं. मी रोज दुपारी जेवून ऐकायचो. अकरा गाणी, पडद्यावर त्यांच्या नावांच्या अकरा ओळी. मला तेवढं मोजता येतं.

त्या मंगळवारी बारा होत्या.

मी दोनदा मोजल्या. बाहेर अंगणात सुमतीवहिनी सुपारी सोलत बसली होती. ती शेजारची, हिराच्या जोडीने गाणारी. मी बाराव्या ओळीवर दाबलं. आधी खोकला आला, मग हिरा गायला लागली. पण आवाज वीस वर्षांपूर्वीचा नव्हता. शेवटच्या वर्षांतला होता... दम लागलेला.

"नंदाबाय माझी गो, मांडवी बैसली,
राजकिशोराची गो, वाट ती पाहते..."

माझा हात माझ्या आधी गेला. मी खिडकीची फुली दाबली आणि लॅपटॉपचं झाकण आपटलं. खरं तेच सांगतो. जावयाचं नाव ऐकलं आणि डोकं फिरलं. अठरा वर्षांची सवय.

सुमतीवहिनी दारात आली. "भावजी, का बंद केलंत? नंदाचं गानं व्हतं ना?"

"तू आयकलंस?"

"आयकलं म्हंजे? जावयाचं नाव पन घेतलं तिनं! हे कदी गायली हिरा? मला सोडून?" ती रुसल्यासारखी झाली होती.

मी खिडकी परत उघडली. अकरा.

संध्याकाळी स्वाती आली. तिने दोन दिवस डिस्क उलटीपालटी केली. "बाबा, अकराच आहेत. बारावं कधी नव्हतंच."

"वहिनीनं आयकलं."

"मग आईंनी गुपचूप भरलं असेल मागाहून."

"कशात भरलं? कॉम्प्युटर जळलेला, डिस्क ट्रंकेत, किल्ली माझ्याकडं. आनी डिस्क ट्रंकेत ठेवली तवा राजकिशोर हाय की नाय हे आमच्या घरात कुनाला ठाव व्हतं?"

तिने लॅपटॉप मिटून ठेवला. 

तिसऱ्या दिवशी धोतर बदललं आणि पालघरहून बोईसरची बस धरली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. नंदाने दार उघडलं. केस पांढरे झालेत तिचे. "कोन वारलं?" एवढंच विचारलं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आय जिवंत व्हती तवा नाव घेऊ दिलं नाय तुमी. आता ती नाय, तर तिच्या तोंडी घालता? माफी मागायची तर सोता मागा. तिला कशाला मदी आनता?"

सुमतीवहिनीला विचार म्हणालो. म्हणाली, ती तुमची शेजारीन, तुमचंच बोलनार.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी गायलो. बायांचं गाणं, बाप्याने, जिन्यात उभं राहून. शेजारची दोन दारं उघडली. त्या दोन ओळी हिराने जशा ओढल्या होत्या तशा ओढायचा प्रयत्न केला. नंदाचा दार लोटणारा हात थांबला.

"आयचीच चाल हाय," ती म्हणाली.  आत कुकरची शिट्टी झाली तरी ती हलली नाही.

"पुढं?"

मला त्या दोनच ओळी येत होत्या.

"बाबा, शेवटचं कडवं लेकीला सांगायचं असतं. आय ते परत्येक नवरीला येगळं जुळवायची. मला काय जुळवलं तिनं?"

मी खाली बघितलं.

"सांगा ना. काय बोलली?"

"मी बंद केलं," मी म्हणालो.

लोक तऱ्हेतऱ्हेची कारणं देतात. तुझा भास म्हणतात, मग वहिनीचं काय? स्वातीच्या क्लासमधले सर म्हणाले, असं होऊच शकत नाही. मलाही काही सांगता येत नाही, आणि ते कसं झालं हे कळून मला करायचंही नाही.

नंदा आता दर रविवारी येते. माझ्यासाठी नाही येत. पाणी पिते, लॅपटॉप मांडीवर घेते, खिडकी उघडते, बोट ठेवून ओळी मोजते. अकरा. मग खिडकी न आपटता हळूच बंद करते आणि पाचच्या बसने परत जाते.