बंदुकीवरचं कुंकू

आबा गेले तेव्हा त्यांचा चष्मा, वहाणा, धोतरं, पानाचा डबा, सगळं मागे राहिलं आणि त्याबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही. विचारणा झाली ती फक्त बंदुकीची. परवाना आबांच्या नावाचा होता, आणि परवानेवालाच गेला म्हटल्यावर ती घरात ठेवणं गुन्हा. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी पोलीसपाटील ओट्यावर येऊन हे सांगून गेले. चहाही घेतला नाही त्यांनी, इतके अवघडले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सावद्याजवळ आमची केळी होती. रानडुकरं बागेत शिरायची म्हणून आबांनी ती एकनळी बंदूक घेतलेली. माझ्या माहितीत तरी तिच्यानं एकही डुक्कर मेलं नाही. आबा हवेत बार काढायचे, "पळाले लेकाचे!" म्हणायचे आणि घरी येऊन चहा मागायचे.

थोरला भाऊ, आमचा दादा, धुळ्याला नोकरीत. त्याचं पत्र आलं. जळगावात परवाना असलेला एक बंदूकवाला दुकानदार आहे, त्याच्याकडे जमा करू, माझ्या नावचा परवाना झाला की सोडवून आणू, तोवर तू एसटीच्या पार्सलानं पाठवून दे. सांगायला काय जातंय! धुळ्यात बसून हुकूम सोडायचे आणि पायपीट मी करायची.

गेले मी स्टँडवर विचारायला. पार्सलवाल्यानं आधी हसतमुखानं वजन विचारलं. बंदूक म्हटल्यावर तो खुर्चीतून अर्धा उठला. "ताई, नोकरी घालवता का माझी?" पोस्टातही तेच. शेवटी ठाण्यात गेले, तर तिथल्या म्हाताऱ्या हवालदारांनी मला बसवून घेतलं आणि शाळेतल्या गुरुजींसारखं समजावलं. अशी पार्सलानं नाही पाठवायची. काडतुसं इथंच जमा करा. नळी आणि दस्ता वेगळा करून बांधा, परवान्याचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला बरोबर घ्या, मी पत्र देतो. आणि वाटेत कुठं उतरायचं नाही, सरळ दुकानात जायचं.

"इथं ठाण्यात ठेवली तर?" मी विचारलं.

"ठेवा की. पण दुकानात तेलपाणी तरी होईल तिचं," ते म्हणाले.

तेलपाण्यावरनं आठवलं म्हणून घरी येऊन मी फडकं घेतलं. इतकी धुळकट बंदूक परक्याच्या दुकानात कशी न्यायची? तर माय चुलीपुढून उठूनच आली.

"हात नको लावू तिले. त्यांचं बोट हाये तिच्यावर."

मग दिसलं मला. घोड्याच्या वरच्या लोखंडावर कुंकवाचा जाड, काळपट लाल ठिपका. दर दसऱ्याला आबा पूजा करताना तिथंच बोट टेकवायचे. तेलावर कुंकू, कुंकवावर तेल, वर्षानुवर्षांचे थर. सगळ्यात वरचा त्याच वर्षीच्या दसऱ्याचा. दिवाळीनंतर आबा गेलेच. त्या ठिपक्यावर बोटाच्या रेषा अजून दिसत होत्या. देवाशपथ दिसत होत्या.

बंदूक जाणार याचं मायला फारसं काही नव्हतं. ती म्हणाली, जाऊ दे, माणूसच गेला. फक्त तो ठिपका तिला जसाच्या तसा हवा होता. गोधडीत गुंडाळताना त्या जागेवर तिनं केळीचं कोवळं पान ठेवलं, घासू नये म्हणून. आणि जळगावला मीच येते म्हणून हटून बसली. भुसावळमार्गे सबंध प्रवासात तिनं ते गाठोडं मांडीवरून हलवलं नाही. कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं, तर त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्या सीटची तिकिटं फाडायला लागला.

दुकानदार वयस्कर होता, बोलायला मऊ. पत्र वाचलं, दाखला वाचला, परवान्याचं पुस्तक उघडून ठेवलं. मग बंदूक उजेडाकडे वळवून बघत राहिला.

"नंबर दिसत नाही हो. कुंकवाखाली गेलाय."

परवान्यातला नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळल्याशिवाय त्याला बंदूक ठेवून घेता येत नव्हती. वरून तपासणी यायची. त्यानं रॉकेलचं फडकं उचललं.

"थांबा भाऊ!" माय एवढ्या मोठ्यानं ओरडली की मीच दचकले. "माह्यं पुसलं ते पुसलं. हिचं त राहू द्या."

दुकानदारानं फडकं खाली ठेवलं. "अक्का, नियम मी केलेला नाही," एवढंच म्हणाला आणि वाट बघत उभा राहिला. मला त्याचा राग आला, दादाचा आला, त्या परवान्याच्या पुस्तकाचा आला. चला परत, म्हणणार होते. पण परत नेऊन ठेवायची कुठं? ठाण्यातही आधी नंबरच बघणार.

बऱ्याच वेळानं मायनं पदर पुढे ओढला. "मंग मीच पुसते. परक्याचा हात नको."

बंदूक एकदा हातात घेतली म्हणून दुकानदारानं ती सोडली नाही. त्यानं धरली आणि मायनं पदराचं टोक रॉकेलात बुडवून हळूहळू तो ठिपका पुसला. खालून एकेक आकडा वर आला. तो वाचत गेला, मी पुस्तकात बघून हो म्हणत गेले. सगळे जुळले. त्यानं पावती दिली. पुढे दादाला परवाना मिळाला नाही आणि ती बंदूक दुकानातूनच कुणालातरी विकली गेली, पण ते मला फार नंतर कळलं.

स्टँडवर नळ होता. मायच्या पदराचं टोक लालभडक, बोटंही माखलेली. मी म्हटलं, "माय, धुवून टाक, वास येतोय."

ती नळापाशी गेली, वाकली, आणि पाणी न सोडताच परत आली. विधवा झाल्यापासून ती कुणाला कुंकू लावत नव्हती, माझ्या वेणीफणीलासुद्धा बाजूला सरायची. त्या भरल्या स्टँडात, बायाबापड्यांदेखत, तिनं पदर चिमटीत पिळून बोटाला लागलं ते माझ्या कपाळावर टेकवलं.

"हे मी नाही लावलं," ती म्हणाली. "तुह्या बापानं लावलं."

आबांनी बैलांना लावलं, मोटारपंपाला लावलं, बंदुकीला लावलं. लेकीला लावायचं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं, आणि मलाही ते हवंय हे तोवर ठाऊक नव्हतं. रॉकेलानं कपाळाची आग होत होती. सावद्याला उतरेपर्यंत मी घामसुद्धा पुसला नाही.